साकव धरून आणि साकव वगळून

मागच्या वर्षी मार्चअखेरीला आमच्या मोहल्ल्यातल्या उर्दू प्राथमिक शाळेच्या मोठ्या बाई संध्याकाळच्या घरी आल्या. चहा नको म्हणाल्या, तेव्हाच कळलं की काहीतरी बिनसलंय. पर्समधून चार घड्या घातलेला एक कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. एक तक्ता होता. शाळेचं नाव, पट १७, लगतची उर्दू शाळा, अंतर ०.६ कि.मी., आणि शेवटच्या रकान्यात शेरा : समायोजन शक्य.

मी त्या शाळेत शिकवत नाही. मी बाजारपेठेतल्या हायस्कुलात उर्दू आणि मराठी शिकवते. पण त्या दोन खोल्या आणि एक पडवी असलेल्या शाळेत मी पहिली ते चौथी शिकले. माझी अम्मी तिथेच शिकली. तिची अलिफ-बे तिथली आणि माझं ग-म-भ-नही तिथलंच. त्यामुळे तो कागद वाचताना मी काही तटस्थ नव्हते, हे आधीच सांगून टाकते. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आमचा मोहल्ला खाडीच्या काठाने वसलेला आहे आणि त्याच्या अंगावरून एक पर्‍या खाडीला मिळतो. लगतची म्हटलेली शाळा पर्‍याच्या पलीकडे. कुणीतरी नकाशावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढली होती आणि ती ०.६ भरली होती. हवाई अंतर. पहिलीतलं सहा वर्षांचं पोर हवेतून जात नाही, हे सांगायला आम्हाला कुठल्याही यंत्राची गरज नव्हती. पण "खूप लांब पडतं हो" हे वाक्य अर्जात लिहिलं की त्याचं वजन किती होतं, तेही आम्हाला वीस वर्षांच्या नोकरीत कळलं होतं. आकड्याला उत्तर आकड्यानेच द्यावं लागतं.

माझा भाचा पुण्यात संगणकाचं काम करतो. ईदला आला होता. त्याला मी तो कागद दाखवला. तो म्हणाला, "खाला, हे तर आम्ही रोज करतो. फक्त रस्त्यांवर नाही, पैशांवर करतो." त्याच्या कंपनीत बँकेच्या खात्यांमधली साखळी शोधतात : या खात्यातून त्या खात्यात, तिथून तिसऱ्यात, आणि फिरून पैसे पुन्हा पहिल्याच माणसाकडे. त्यासाठी ते ग्राफ डेटाबेस वापरतात. त्यातला निओ-फोर-जे नावाचा एक प्रकार आहे, त्याची साधी आवृत्ती फुकट मिळते. रस्त्याचं अंतर काढायला याहून सोपी साधनंही आहेत, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. पण त्याला जे येत होतं ते त्याने आणलं, आणि मला जे कळेल ते मी शिकले.

ग्राफ म्हणजे आलेख नव्हे, हे समजायलाच मला एक संध्याकाळ गेली. त्याने वहीत आमचं घराणं काढलं. प्रत्येक माणूस एक गोल, प्रत्येक नातं एक रेघ. आणि लगेच हसायला लागला, कारण माझ्या आणि माझ्या नणंदेच्या गोलांमध्ये दोन रेघा आल्या. ती माझी नणंद, आणि माझ्या मामाची मुलगी म्हणून मामेबहीणही. आमच्यात हे घराघरांत आहे. तो म्हणाला, "तक्त्यात हे लिहायला त्रास होतो, ग्राफमध्ये काहीच नाही. दोन माणसं, दोन नाती, दोन रेघा." आपल्या हजेरीपटात प्रत्येक मुलाची एक ओळ असते, कोण कुणाच्या शेजारी बसतं, कोण कुणाबरोबर घरी जातं, हे त्यात नसतं. ग्राफमध्ये तेच मुख्य असतं. गावाचंही तसंच. चौक म्हणजे गोल, दोन चौकांमधला रस्ता म्हणजे रेघ.

आता नकाशा कुठून आणायचा? मोठ्या कंपन्यांचे नकाशे पाहायला मिळतात, पण त्यामागची माहिती उचलून आपल्या कामाला लावता येत नाही. त्यासाठी ओपनस्ट्रीटमॅप आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी तो सुरू केला. जगभरातले लोक त्यात आपापल्या भागातले रस्ते, नद्या, दवाखाने भरतात. कुणीही भर घालावी, कुणीही उतरवून घ्यावं, श्रेय द्यावं आणि सुधारलेली माहिती इतरांनाही खुली ठेवावी, एवढी अट. आमच्या गावाचा चौकोन निवडून आम्ही तो तुकडा उतरवून घेतला.

मला वाटलं होतं चित्र येईल. आली ती मजकुराची लांबलचक फाईल. त्यात आधी हजारो बिंदू : प्रत्येकाला एक क्रमांक, अक्षांश, रेखांश. मग वाटा : प्रत्येक वाट म्हणजे बिंदूंच्या क्रमांकांची माळ, आणि सोबत चिठ्ठ्या, की हा रस्ता आहे, हा ओढा आहे, ही इमारत आहे. रस्त्याच्या चिठ्ठीवर पहिला शब्द 'हायवे' असतो, मग तो मुंबई–गोवा महामार्ग असो किंवा दोन बायका समोरासमोर आल्या तर एकीला भिंतीला टेकावं लागेल असा आमचा बोळ. आमच्या बोळाला कुणीतरी हायवे म्हटलेलं पाहून मोठ्या बाई त्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

त्या आकड्यांच्या रांगा पाहताना मला अल्-ख्वारिझ्मी आठवला. मुलांना आम्ही सांगतो की बीजगणिताचं 'अल्जिब्रा' हे नाव त्याच्या पुस्तकावरून आलं आणि 'अल्गोरिदम' हा शब्द त्याच्या नावावरून. पण नवव्या शतकात बगदादेत बसून त्याने भूगोलाचंही एक पुस्तक केलं होतं, 'किताब सूरतुल अर्ज'. टॉलेमीच्या ग्रंथाच्या आधाराने केलेल्या त्या पुस्तकात शहरं, डोंगर, समुद्र, बेटं, नद्या अशा दोन हजारांहून अधिक ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आहेत. म्हणजे नकाशा चित्रात नव्हे, यादीत. आमच्या फाईलसारखाच.

भाच्याने एक छोटा प्रोग्राम लिहून त्या फाईलमधून दोन याद्या काढल्या. एकीत बिंदू, दुसरीत जोड्या : या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत, अंतर इतके मीटर. अंतर काढताना पृथ्वी गोल असल्याचा हिशेब धरावा लागतो. ते सूत्र तयार मिळतं. ओढे, इमारतींच्या कडा, विजेच्या तारा सगळ्या गाळल्या आणि फक्त वाटा ठेवल्या. मग तो पुण्याला गेला आणि पुढचं काम आम्ही रोज रात्री इशानंतर व्हिडिओ कॉलवर केलं. तो सांगणार, मी माझ्या लॅपटॉपवर करणार.

माझ्या चुका सांगते, कारण त्यातूनच मला ही गोष्ट कळली.

पहिल्यांदा सगळे बिंदू भरून झाले आणि भाच्याने ते नकाशावर दाखवले, तर आमचं गाव नॉर्वेच्या उत्तरेला बर्फाळ समुद्रात गेलेलं. अक्षांशाच्या रकान्यात मी रेखांश घातला होता. कोकणात अक्षांश सतरा-अठराच्या घरात आणि रेखांश त्र्याहत्तर. उलटं केलं की त्र्याहत्तर अंश उत्तर, म्हणजे पार तिकडे. शाळेत मुलांची हीच चूक मी लाल पेनाने खोडत आले आहे.

दुसऱ्यांदा जोड्या भरायला घेतल्या, तर संपेनात. मगरीबच्या आधी सुरू केलेलं काम रात्री जेवणं झाली तरी चालूच. भाच्याने विचारलं, "खाला, क्रमांकावर कन्स्ट्रेंट टाकला होता का?" नव्हता टाकला. त्याचा अर्थ असा : प्रत्येक जोडी भरताना संगणकाला ते दोन बिंदू शोधावे लागतात. क्रमांकाची सूची नसेल तर तो दरवेळी पहिल्या बिंदूपासून शेवटच्या बिंदूपर्यंत सगळे चाळतो. हजेरीला रोल नंबर न पुकारता प्रत्येक नावासाठी अख्खा वर्ग फिरून चेहरे पाहण्यातला प्रकार. "हा क्रमांक एकाच बिंदूचा" अशी अट आधी घातली की सूची आपोआप होते. ती घातली, आणि तेच काम मी पाण्याचा ग्लास भरून आणेपर्यंत झालं.

तिसरी चूक गमतीची. एका वाटेची लांबी विचारली तर उत्तर आलं भलामोठा आकडा, एका ओळीत मावेना. यादीतून भरलेली प्रत्येक गोष्ट हा डेटाबेस अक्षरं म्हणून घेतो, त्याला "हा आकडा आहे" असं सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं. त्यामुळे १२ मीटर आणि ३५ मीटर यांची बेरीज ४७ न होता त्याने १२३५ लिहिले होते, आणि पुढे तसेच जोडत गेला होता. पहिलीतली मुलंही सुरुवातीला असंच करतात.

मग विचारायची भाषा. तिचं नाव सायफर, आणि ती मला आवडली, कारण ती चित्रासारखी लिहितात. गोल कंसात ठिकाण, चौकटी कंसात नातं, मध्ये छोट्या रेघा : (घर)-[वाट]-(शाळा). डेटाबेसमध्ये प्रत्येक रेघेला दिशा असते, पण विचारताना दिशा सोडून देता येते. गाडीला एकेरी रस्ता असतो, चालणाऱ्याला नसतो, म्हणून आम्ही दिशा सोडून विचारलं.

सर्वांत जवळची वाट दाखव म्हटलं की तो एक वाट दाखवायचा, पण ती भलतीच लांबची. इथे भाच्याची स्वतःची चूक होती आणि त्याने ती मान्य केली. त्या भाषेतला साधा 'शॉर्टेस्ट पाथ' रेघा मोजतो, मीटर नाही. सरळसोट डांबरी रस्त्यावर तीनशे मीटरला एकच रेघ असू शकते. आमचा बोळ दर दहा पावलांवर वळतो, त्याच्या ऐंशी मीटरला दहा रेघा. त्यामुळे यंत्राला बोळ लांब आणि हमरस्ता जवळ. मीटर धरून मोजायचं तर डाइक्स्ट्राची पद्धत लागते. एड्सगर डाइक्स्ट्रा हा हॉलंडचा गणिती. १९५६ साली अॅम्स्टरडॅममध्ये आपल्या वाग्दत्त वधूबरोबर खरेदी करून दमल्यावर कॉफी प्यायला बसला असताना, कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत त्याला ती सुचली असं त्यानेच सांगितलं आहे. रॉटरडॅमहून ग्रोनिंगनला जायची सर्वांत जवळची वाट कोणती, हा त्याचा प्रश्न. पद्धत सोपी आहे : निघालेल्या जागेपासून जे ठिकाण सर्वांत जवळ ते आधी पक्कं करायचं, तिथून पुढच्यांची अंतरं सुधारायची, मग उरलेल्यांतलं सर्वांत जवळचं, असं करत जायचं. लग्नघरी वाढपी जसा पंगत धरून पुढे सरकतो तसं.

ती पद्धत लावली. या शाळेपासून त्या शाळेपर्यंत. मी एंटर दाबलं आणि पडद्यावर आलं : काही नाही. कुठलीही नोंद नाही.

आम्ही पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मग भाच्याने दुसराच प्रश्न टाकला : या गावात एकमेकांना जोडलेले असे गट किती? एक मोठा गट आला, त्यात बाजारपेठ, स्टँड, महामार्ग, सगळं. आणि बाकी लहान लहान तुकडे. त्यातल्या एका तुकड्यात फक्त ३१ बिंदू होते. तो आमचा मोहल्ला.

कुणा भल्या माणसाने, बहुधा दूर कुठेतरी बसून, विमानातून दिसणाऱ्या चित्रावरून आमचा मुख्य बोळ काढला होता. पण तो हमरस्त्याला टेकायच्या आधीच दोन मीटरवर थांबला होता. डोळ्यांना नकाशावर दिसतं की रस्ते मिळाले आहेत. डेटाबेसला दोन वाटांमध्ये एक सामाईक बिंदू लागतो. तो नसेल तर त्याच्या लेखी या घरातून त्या घरात जायला वाटच नाही. तीनशे वर्षं नांदता असलेला मोहल्ला दोन मीटरसाठी बेट झाला होता. राग यावा असं काही नव्हतं, त्या माणसाने निदान बोळ काढला तरी होता. बाकीचे बोळ तर कुणीच काढले नव्हते. आणि वरून दिसणार तरी कसे? माड, फोफळी, फणस यांच्या छायेत आमच्या पाखाड्या झाकलेल्या आहेत. वरून पाहणाऱ्याला फक्त हिरवं दिसतं.

म्हणून मग तीन रविवार आम्ही चाललो. मी, मोठ्या बाई, आणि माझ्या नववीच्या आठ मुली. मिस बरोबर आहेत म्हटल्यावर आयांनी सोडलं. मोबाइलवर वाट नोंदवत जायचं, हातात छापलेला कागद, त्यावर पेन्सिलने खुणा. दाट झाडीत मोबाइल दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे भरकटतो, म्हणून तीच वाट जाताना-येताना दोन्ही वेळा नोंदवायची. दारादारांतून विचारणा : "काय मोजताय गं? घरपट्टी वाढणार की काय?" एका ठिकाणी वाट कुणाच्या तरी परसातून जात होती. पोरं रोज तिथूनच जातात, कारण घरातली म्हातारी काही बोलत नाही. ती वाट आम्ही धरली नाही. म्हातारीची मेहेरबानी म्हणजे रस्ता नव्हे. उद्या सुनेने फाटक लावलं तर काय? आणि मुलांची घरं आम्ही जाहीर नकाशावर मुळीच टाकली नाहीत. ती फक्त माझ्या लॅपटॉपवरच्या डेटाबेसमध्ये, नावांशिवाय, एक ते सतरा.

मुलींनी आणखी एक काम केलं. प्रत्येक पाखाडीचं नाव मराठीत आणि उर्दूत लिहिलं. या नकाशात एकाच जागेला निरनिराळ्या भाषांतली नावं देण्याची सोय आहे. आठवडाभर ज्या मुली निबंधात दहा ओळी लिहायला कुरकुरतात, त्या एका हमजावरून अर्धा तास भांडल्या.

सगळं चढवलं, तुकडा नव्याने उतरवला, पुन्हा भरला. यावेळी चूक न करता, पाऊण तासात. शाळेपासून शाळेपर्यंत, मोठ्या पुलावरून : २.३ किलोमीटर. कागदावरचे ०.६ आणि हे २.३. मोठ्या बाईंनी कॉलवरच हात वर करून अल्लाचे आभार मानले.

दोन दिवसांनी नववीतल्या एका मुलीने विचारलं, "मिस, साकव घातलाच नाही ना आपण?"

पर्‍यावर साकव आहे. सिमेंटचा, दीड हात रुंद, एका बाजूचा कठडा गेलेला. तिसऱ्या रविवारी पाऊस आल्यामुळे आम्ही त्या टोकाला गेलोच नव्हतो, असं मी स्वतःला सांगत होते. तो घातला आणि पुन्हा विचारलं. शाळेपासून शाळेपर्यंत ०.९४ किलोमीटर. सतरा घरांपैकी अकरा घरांपासून पलीकडची शाळा एक किलोमीटरच्या आत आली. आणि नियमात पहिली ते पाचवीसाठी मर्यादा एक किलोमीटरचीच आहे.

कॉलवर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, "राहू दे की तो. नकाशात आधी नव्हताच." भाचा म्हणाला, "खाला, एक रेघ पुसायची आहे फक्त. तुम्ही सांगाल तसं." दोघांचंही खोटं नव्हतं. सतरा पोरं, एक शाळा, एका बाईची बदली, आणि समोर एक कागद जो स्वतःच खोटा होता. शिवाय मी आधीच म्हटलं, मी तटस्थ नव्हते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी काही फार मोठी सत्यवादी नाही. शाळेत तपासणीच्या आधी वह्यांवर मागच्या तारखा मीही टाकल्या आहेत. पण ज्या मुलींना तीन रविवार "जे पायाखाली आहे तेच लिहायचं" म्हणून फिरवलं, त्यांतल्याच एकीने साकव काढला होता. तिच्यासमोर रेघ कशी पुसू? मापात पाप करायचं तर मग ०.६ वाल्याला नावं ठेवायचा आम्हाला काय अधिकार?

साकव राहिला. सकाळी मी भाच्याला एवढंच विचारलं की एखादी रेघ काही दिवसच असते, काही दिवस नसते, असं सांगता येतं का. तो म्हणाला, रेघेवर हवी ती चिठ्ठी लावता येते. पण चिठ्ठीवर लिहायला आकडा हवा. साकवावरून पाणी किती दिवस जातं? "पावसाळ्यात खूप वेळा" हे पुन्हा "खूप लांब पडतं हो"सारखंच झालं असतं.

उत्तर माझ्या जावेच्या स्वयंपाकघरात भिंतीवर टांगलेलं होतं. आमच्याकडे दूध पर्‍यापलीकडून येतं. दूधवाला साकवावरून चालत येतो. साकव बुडाला की दूध नाही, आणि दूध नाही की कॅलेंडरवर खाडा. महिनाअखेरी पैसे कापायचे म्हणून बाया ही नोंद डोळ्यांत तेल घालून ठेवतात. मोहल्ल्यात त्याच दूधवाल्याची तीन घरं अशी निघाली की ज्यांनी आदल्या वर्षीचं कॅलेंडर फेकलं नव्हतं. एका घरचा खाडा म्हणजे कदाचित ते लोक परगावी असतील, कदाचित दूध नको असेल. म्हणून तिन्ही घरी एकाच दिवशी खाडा असेल तेवढेच दिवस आम्ही धरले. जून ते सप्टेंबर, शाळेच्या दिवसांत १९. दूधवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, त्यात दोनेक दिवस मी आजारी होतो. १७ धरले.

मग तोच प्रश्न दोनदा विचारला. एकदा साकव धरून, एकदा साकव वगळून. प्रत्येक घरासाठी दोन उत्तरं. कोरड्या दिवसांत अकरा घरं एक किलोमीटरच्या आत. साकव बुडालेल्या दिवशी सतराच्या सतरा घरं दोन किलोमीटरच्या पुढे, आणि त्यातला बराचसा रस्ता पदपथ नसलेल्या हमरस्त्याने. एका पानात मावला तो तक्ता.

आणि नियम शेवटपर्यंत वाचायची बुद्धी तेव्हा झाली. शिक्षण हक्क कायद्याचे केंद्राचे २०१० चे नियम काढले, तर त्यात एक किलोमीटर हे चालण्याचं अंतर म्हटलेलं आहे, हवाई नव्हे. आणि त्याच नियमात पुढे पूर, दरडी, रस्ते नसणं, वाटेत लहान मुलांना धोका असणं अशा जागी सरकारने ही मर्यादा कमी करून धोका टाळावा, अशी तरतूद आहे. म्हणजे आम्ही जो साकव लपवायला निघालो होतो, त्याच्यावरच आमची बाजू उभी होती. हे आधी कळलं असतं तर एक रात्र झोप लागली असती.

सुनावणीला मोठ्या बाई, दोन पालक आणि मी. समोरच्या साहेबांनी तक्ता पाहिला, चष्मा वर केला. "साकव तुम्हीच दाखवलात?"

"आहे म्हणून दाखवला, साहेब."

"आणि हे सतरा दिवस कुठून आणले?"

मोठ्या बाईंनी पिशवीतून तीन कॅलेंडरं काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी पानं उलटली. जुलैच्या पानावर हळदीचा डाग होता. ते काही म्हणाले नाहीत, पण डेटाबेस, डाइक्स्ट्रा, अक्षांश-रेखांश यांपैकी कशाकडेही त्यांनी इतका वेळ पाहिलं नाही जितका त्या खाड्यांकडे पाहिलं. प्रत्यक्ष पाहणी करावी असा शेरा मारून त्यांनी फाईल ठेवून घेतली.

पाहणी झालेली नाही. समायोजनही झालेलं नाही. शाळा या जूनला उघडली. पट मात्र आता १५ आहे. दोन घरांनी मुलं बाजारातल्या इंग्रजी शाळेत घातली, रिक्षाने जातात. त्यांना अंतराचा प्रश्न नाही. त्यांचं काय चुकलं ते मला सांगता येत नाही, आणि ग्राफला तर ते विचारताच येत नाही.

साकवाला आमच्यात नानीचा साकव म्हणतात. मुलींनी ते नाव दोन्ही लिप्यांत टाकलं होतं. परवा सहज नकाशा उघडला, तर उर्दू नाव कुणीतरी बदललेलं. साकव हा शब्द उर्दू वाचणाऱ्याला कुठून कळणार? सीन, अलिफ, काफ, वाव : साकू वाचा, साको वाचा. त्या अनोळखी माणसाने सरळ 'नानी का पुल' करून टाकलं होतं. अर्थाने चूक नाही. पण पुल म्हटलं की कुणीही समजेल त्यावरून रिक्षा जाते, आणि मग पुन्हा कुणीतरी सरळ रेघ ओढेल. मी ते बदलून पुन्हा साकव केलं, वावच्या आधीच्या काफवर जबर दिला, आणि बदलाच्या खाली कारण लिहिलं : कठडा एकच, पावसाळ्यात पाण्याखाली, फक्त पायी.